पार्सनची जोडी, येणारं बाळ आणि दोन वर्षं उबणारी अंडी

वाचकाचं पत्र:

"आम्ही दोघं काही वर्षांपासून जर्मनीत न्यूरेम्बर्गला आहोत. माझ्याकडे पँथर शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) जोडी आहे, मादागास्करच्या अंबिलोबे भागातल्या वाणाची. दोनदा पिल्लं काढली, बहुतेक सगळी जगली. आता दुर्मीळ जातींकडे वळावंसं वाटतंय. हाम शहरातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेळ्यात एका विक्रेत्याने पार्सन शॅमेलिऑनची जोडी दाखवली. 'फार्म-ब्रेड आहे, कागद आहेत, पुढच्या मेळ्यापर्यंत राखून ठेवतो,' असं म्हणाला. पैसे साठवून ठेवले आहेत. पत्नीला सातवा महिना आहे आणि दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचं जवळजवळ नक्की आहे. ती म्हणते, आत्ता नको. मला वाटतं, अशी जोडी पुन्हा मिळणार नाही. शिवाय दुर्मीळ जातींची पैदास म्हणजे एक प्रकारे संवर्धनच ना? आणखी एक: सांगलीकडे माझ्या भावाला शेताच्या बांधावर घोयरा सापडला. त्याने तो पिंजऱ्यात ठेवलाय आणि जोडी जमवावी का, असं विचारतोय."

उत्तर:

भावाचं आधी सांगते, कारण ते आजच करायचं आहे. घोयरा ही भारतात आढळणारी शॅमेलिऑनची एकमेव जात आणि ती वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. घोयरा पकडणं, घरात ठेवणं, विकणं, त्याची जोडी जमवणं, यातलं काहीच करता येत नाही. हौस म्हणून नाही आणि परवानगीशिवाय अभ्यास म्हणूनही नाही. भावाला सांगा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर, घडलं ते सरळ सांग आणि ते म्हणतील तसं कर. प्राणी धडधाकट असला तर जिथे सापडला त्याच झाडोऱ्यात तो परत जायला हवा. 'चांगल्या जंगलात' नेऊन सोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. तोवर पिंजरा सावलीत ठेवायचा, आत पानांची फांदी लावायची आणि पानांवर पाणी शिंपडायचं. घोयरा पानांवरचे थेंब चाटतो, वाटीतलं पाणी त्याच्या सहसा ध्यानातही येत नाही.

भावावर रागावू मात्र नका. आपल्याकडे घोयरा दिसला की विषारी समजून दगड उचलणारे पुष्कळ आहेत, आणि त्या बिचाऱ्याच्या अंगात विषाचा थेंब नसतो. तुमच्या भावाने त्याला मारलं नाही, याचं मला बरं वाटलं. ती मादी असेल तर घाई करा. एरवी झाडावर राहणारी ही मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, आणि नेमकी तेव्हाच बांधावर, रस्त्यावर माणसाच्या नजरेस पडते. पोटात अंडी घेऊन पिंजऱ्यात अडकलेल्या मादीला माती मिळाली नाही, तर ती अंडी अडूनही मरू शकते.

आता पार्सन. माझं उत्तर 'घेऊ नका' असं आहे. तुमचा हात चांगला आहे, पँथरची दोन वेत जगवणाऱ्याला नवशिका म्हणता येणार नाही. अडचण तुमच्या कौशल्याची नाही, तुमच्या पुढच्या तीन वर्षांची आहे, आणि पार्सन हा वर्षं मागणारा प्राणी आहे.

पँथरची मादी वर्षाच्या आत वयात येते, एका वेताला दहा ते चाळीस अंडी घालते, ती सहा महिने ते वर्षभरात फुटतात, आणि दोन-तीन वर्षांत तिचं आयुष्य संपत येतं. पिढ्या झरझर सरकतात. चुकलं तर पुढच्या वेळी सुधारता येतं. पार्सनमध्ये यातलं काही लागू नाही. तो वयात यायलाच काही वर्षं घेतो. मादागास्करमधल्या रानटी पार्सनच्या हाडांतली वाढीची वलयं मोजून २०१७ साली संशोधकांनी वय काढलं, तेव्हा नर किमान नऊ आणि माद्या किमान आठ वर्षं जगतात असं दिसलं. आणि अंडी! घातल्या दिवसापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस महिने. तुम्ही आज जोडी आणलीत, ती रुळली, वयात आली, नर-मादीचं जमलं, मादीने अंडी घातली, तर ती फुटायच्या सुमारास तुमच्या घरातलं सामान बांधून झालेलं असेल.

ही अंडी नुसती एका तापमानावर ठेवून भागत नाही, हेही सांगायला हवं. पूर्व मादागास्करच्या ओल्या जंगलात उबदार पावसाळा येतो, मग थंड महिने, मग पुन्हा ऊब. अंड्यातला जीव या चक्रावर चालतो. थंडीत जवळजवळ थांबतो, ऊब परतली की वाढू लागतो. म्हणून जाणकार लोक ही अंडी काही महिने साधारण २२ ते २४ अंशांवर ठेवतात, मग काही आठवडे त्याहून बरीच थंड, मग परत वर आणतात. व्हर्मिक्युलाईट (अंडी ज्यात ठेवतात ते ओल धरणारं खनिज) किती ओलं, झाकणाला भोक किती, थंडी कधी सुरू करायची, यावर प्रत्येकाचं आपलं टिपण असतं आणि ते वर्षानुवर्षांच्या अपयशातून आलेलं असतं. अंडं दीड वर्ष उत्तम दिसतं आणि शेवटच्या महिन्यात आतलं पिल्लू मेलेलं निघतं, असंही होतं. दोन वर्षांत वीज गेली, इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट बिघडला, तुम्ही बाळाला घेऊन महिनाभर पुण्याला गेलात, तर त्या डब्यांकडे कोण बघणार?

(शॅमेलिऑनांच्या आयुष्याचा विषय निघालाच आहे तर लॅबोर्डच्या शॅमेलिऑनबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मादागास्करच्या कोरड्या नैऋत्य भागात राहतो. आठ-नऊ महिने अंड्यात, आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत वाढ, मिलन, अंडी आणि मृत्यू. वर्षाचे काही महिने ती अख्खी जात फक्त मातीतल्या अंड्यांच्या रूपात जिवंत असते. एकाच बेटावर हा आणि पार्सन! तुम्हाला अभ्यासाची ओढ असेल तर या दोघांबद्दल जे मिळेल ते वाचा.)

न्यूरेम्बर्गच्या हवेचाही विचार करा. थंडीची फिकीर नको, रात्री पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरलेली हवा पार्सनला आवडतेच. भीती उन्हाळ्याची आहे. दिवसा २४ ते २७ अंश हा त्याचा सुखाचा पट्टा, तिशीच्या वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही की तो तोंड उघडून धापा टाकू लागतो. जर्मन घरांत एसी क्वचित असतो, छपराखालच्या खोल्या जुलैत किती तापतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यात नर साठ-पासष्ट सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला कपाटाएवढा पिंजरा पुरत नाही, खोलीचा एक कोपरा जमिनीपासून छतापर्यंत झाडांनी भरून द्यावा लागतो, आणि मादीला तसाच दुसरा, तोही नराच्या नजरेआड. नर-मादी सतत एकमेकांसमोर राहिले की दोघंही दबून राहतात, खाणं कमी करतात, आणि शॅमेलिऑन आजारी आहे हे कळेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

विक्रेत्याच्या 'फार्म-ब्रेड' या शब्दाने मी सावध झाले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात प्रत्येक प्राण्याच्या कागदावर उगमाचं एक अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे रानातून पकडलेला. आर म्हणजे रानातून अंडी किंवा पिल्लं उचलून बंदिवासात वाढवलेला. एफ म्हणजे बंदिवासात जन्मलेला, पण पिढ्यांच्या कसोटीला पूर्ण न उतरलेला, उदाहरणार्थ ज्याचे आईबाप रानटी आहेत. आणि सी म्हणजे खऱ्या अर्थाने बंदिवासात पैदास झालेला. 'फार्म-ब्रेड' नावाचं अक्षर कुठेच नाही. रानातून पोटात अंडी घेऊन आलेल्या मादीने 'फार्म'वर अंडी घातली, तरी विकणारा हाच शब्द वापरू शकतो. साधारण १९९५ पासून मादागास्करहून होणारी बहुतेक शॅमेलिऑनांची निर्यात थांबवली गेली आणि चारच जातींना मोकळीक उरली. तुमचा पँथर त्यातला एक, पार्सन त्यात नव्हता. पुढे काही जातींना मोजके कोटे मिळाले, पण युरोपात फिरणाऱ्या प्रत्येक पार्सनच्या मागे एक जुनी, कागदावर दाखवता येणारी वंशावळ असायला हवी, ही अपेक्षा आजही रास्त आहे.

म्हणून असं कुणी काही दाखवलं की विचारायचं: अक्षर कोणतं? आईबाप कोणाकडे आहेत, बघायला येऊ का? अंडी कधी घातली, कधी फुटली, एका वेतातली किती जगली? जोडीतले दोघं भाऊबहीण तर नाहीत? ज्याने खरंच दोन वर्षं अंडी सांभाळली आहेत तो या प्रश्नांनी सुखावतो, तासभर बोलत बसतो, फोटो काढून दाखवतो. ज्याला राग येतो किंवा जो घाई करतो, त्याच्याकडून काही घेऊ नये. युरोपीय संघात या प्राण्याच्या कायदेशीर उगमाचा पुरावा तुमच्याकडे असावा लागतो आणि जर्मनीत तुमच्या भागातल्या निसर्गसंरक्षण कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. उगमाचा कागद कच्चा निघाला तर विक्रेता सुटू शकतो आणि प्राणी तुमच्या घरातून जप्त होऊ शकतो.

रानातून आलेल्या प्राण्याचं आणखी एक दुखणं पोटातलं असतं. सूत्रकृमी, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), कधी रक्तातले कृमी हे सगळं घेऊनच तो येतो. जंगलात ते त्याला फारसे बाधत नाहीत, प्रवासाच्या ताणाने मोडल्यावर बाधतात. विष्ठेच्या तपासण्या, वेगळ्या खोलीत निदान तीन महिने, वेगळे चिमटे, वेगळा फवारा. हे तुम्ही पँथरच्या शेजारी, सातव्या-आठव्या महिन्यात, एकट्याने करणार आहात का?

आणि इथे तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पूर्ण पटतं, तेही फक्त वेळेच्या कारणाने नव्हे. सरपटणारे प्राणी दिसायला निरोगी असूनही साल्मोनेला हे जंतू बाळगून असतात. मोठ्या माणसाला त्याने दोन दिवस जुलाब होतील, तान्ह्या बाळाला तो रक्तापर्यंत पोचून जिवावर बेतू शकतो. बाळाने प्राण्याला हात लावावा लागत नाही, तुमच्या हातांवरून, बाहीवरून, सिंकवरूनही जंतू पोचतात. तेव्हा असलेल्या पँथरसाठीसुद्धा आत्तापासून शिस्त लावा. टेरॅरियम (प्राण्याची पेटी) बाळाच्या खोलीत नाही आणि स्वयंपाकघरात नाही. भांडी, नळ्या, फवारे यांतलं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, बाळाच्या आंघोळीच्या टबात तर नाहीच नाही. प्राण्याकडून आल्यावर साबणाने हात धुऊन आणि वरचा शर्ट बदलून मगच बाळाला घ्यायचं. खाद्य म्हणून ठेवलेल्या रातकिड्यांचे डबेही याच नियमात येतात. बालरोगतज्ज्ञाला घरात शॅमेलिऑन आहेत हे पहिल्या भेटीतच सांगा, म्हणजे बाळाला ताप-जुलाब झाले तर ते योग्य तपासणी लगेच करतील.

संवर्धनाबद्दल विचारलंत. प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. घरच्या पैदाशीने जंगलातली जात वाचत नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात चॅपमनचा बुटका शॅमेलिऑन आहे, बोटभर लांबीचा. मलावी हिल्समधलं त्याचं जंगल १९८४ पासून सुमारे ऐंशी टक्के तुटलं. १९९८ साली ३७ प्राणी तिथून दूर मिकुंडी इथल्या जंगलात सोडले गेले, अगदीच सगळं गेलं तर काही उरावेत म्हणून. पुढे जातच संपली की काय अशी शंका होती. २०१६ मध्ये शोध घेतला तेव्हा उरलेल्या छोट्या छोट्या तुकड्यांत ते सापडले. ते तुकडे उभे होते म्हणून सापडले. पार्सनचंही तसंच आहे. झाडं जाळून शेती आणि कोळसा होतो तेव्हा जंगलासोबत तो जातो, आणि न्यूरेम्बर्गमधल्या आपल्या इन्क्युबेटरचा तिथे काही उपयोग होत नाही.

पण म्हणून घरची पैदास बिनमोलाची आहे असं मी मानत नाही. बंदिवासात जन्मलेली, निरोगी, कागद पक्के असलेली पिल्लं मिळू लागली की रानातून पकडलेल्यांचं गिऱ्हाईक कमी होतं. शिवाय अंड्यांचं तापमान, वाढीचा वेग, मादीची विश्रांती यांच्या नोंदी संशोधकांनाही उपयोगी पडतात. या कामाला मी मान देते. ते काम एक-दोन पिढ्या पुढे नेणाऱ्यांचं आहे. ज्याला तिसऱ्या वर्षी जोडी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागणार आहे, त्याने दुर्मीळ जोडी अडवून धरू नये, ती जिथे दहा वर्षं राहील अशा हातात जाऊ द्यावी.

पुण्याला सोबत नेऊ, असं मनात असेल तर तेही तपासून बघा. साइटिसच्या यादीतल्या परदेशी जाती २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यात आल्या, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आयातीला तिकडचा निर्यात-परवाना, इकडचा आयात-परवाना, आरोग्याचे दाखले, सगळं लागतं. विमानातून हातातल्या पिशवीत आणणं ही तस्करीच आहे. हे पार करूनही पुण्याच्या एप्रिलमध्ये पार्सनला गार ठेवायचं आणि शॅमेलिऑन जाणणारा डॉक्टर शोधायचा, हे उरतंच.

मग करायचं काय? विक्रेत्याला आजच कळवा, म्हणजे ती जोडी तुमच्यासाठी अडून राहणार नाही. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या जर्मन हर्पेटॉलॉजी संस्थेचा, डीजीएचटीचा, शॅमेलिऑनांसाठी स्वतंत्र अभ्यासगट आहे, तिथे जा. पार्सन पाळणारी माणसं तिथे भेटतील. त्यांच्याकडे जाऊन जोडी बघा, अंड्यांचे डबे बघा, टिपणं मागा. पार्सन शिकायला तो विकतच घ्यावा लागतो असं नाही, आणि तुमच्यासारखा चांगल्या हाताचा माणूस मदतीला आला तर त्यांनाही हवाच असतो.

घरी मात्र अंबिलोबेची जोडी नीट सांभाळा. पँथर आता सहज मिळतो, म्हणून त्याला आपण साधा समजतो. २०१५ साली जनुकं तपासणाऱ्या अभ्यासात या एकाच जातीत अकरा वेगवेगळ्या वंशरेषा दिसल्या, इतक्या वेगळ्या की त्यांना स्वतंत्र जाती मानावं असं संशोधकांनी सुचवलं. अंबिलोबेला नोसी बे किंवा अंबान्जा अशा दुसऱ्या भागातल्या वाणाशी मिसळू नका, कितीही सुंदर रंगाचा नर दिसला तरी. मादीला आता एक पूर्ण मोसम विश्रांती द्या. नराला भेटली नाही तरी ती अंडी घालू शकते, आणि एका मिलनातून साठवलेल्या शुक्राणूंवर दुसरं वेतही येऊ शकतं, तेव्हा तिचं खाणं आटोक्यात ठेवा आणि ओलसर वाळू-मातीचा वीत-दीड वीत खोल डबा कायम आत असू द्या. ती बोगदा करते तेव्हा माती ढासळता कामा नये, आणि तिला कुणी बघत नाही असं तिला वाटलं पाहिजे. ती खणून खणून तसंच सोडून देऊ लागली, दिवसा डोळे मिटून खाली बसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन एक्स-रे काढा.

आणि परतायची तारीख ठरली की पँथरसाठी घर शोधायला निदान वर्षभर आधी लागा. मेळ्यात टेबलावर ठेवून विकू नका, त्याच अभ्यासगटात विचारा. देताना उगमाचा कागद, नोंदणीचा कागद आणि एक वही द्या: अंडं कधी फुटलं, आईबाप कोण, मादीने अंडी केव्हा घातली, किती फुटली, कोणत्या तापमानावर, कात केव्हा टाकली, औषध कोणतं, कधी. ती वही आज सुरू केलीत तर आठवणीतून भरावी लागणार नाही.